बर्लिनचं श्टुडीरेन्डनवेर्क: ९९२ युरोंत महिना भागवायचा तर

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ९९२ हा आकडा पाठ असतो. श्पेअरकोन्टोत, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे आणि इथे आल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्या हातात यायचे. मला मेसेज करणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हाच असतो: "ताई, एवढ्यात भागतं ना?" मी त्यांना उलट विचारते, राहणार कुठे आणि दुपारी जेवणार कुठे? बर्लिनमध्ये या दोन्ही प्रश्नांचं उत्तर श्टुडीरेन्डनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि कँटीन चालवणारी संस्था, असेल तर भागतं. नसेल तर दर महिन्याला दोनशे-तीनशे युरो आणखी कुठून तरी उभे करावे लागतात. म्हणून हा रिव्ह्यू त्या संस्थेचा. विद्यापीठांच्या क्रमवारीवर, कोर्सेसवर, व्हिसाच्या मुलाखतींवर मराठीत भरपूर लिहिलं जातं. पण शिक्षण पुरं होईपर्यंत आपण इथे ज्या सेवेच्या आधारावर टिकतो, तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

आधी ९९२ ची फोड करू. जर्मन सरकार इथल्या गरजू विद्यार्थ्यांना बाफ्योग नावाची मदत देतं. २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून त्या मदतीची कमाल रक्कम ९९२ युरो आहे: रोजच्या खर्चासाठी ४७५, घरभाड्यासाठी ३८० आणि आरोग्य विम्यासाठी १३७. आपल्याला व्हिसा देताना तोच हिशोब आपल्याला लावतात. विम्याचा आकडा खऱ्याच्या जवळ आहे. सरकारी योजनेतला विद्यार्थ्यांचा हप्ता साधारण १४० ते १५० युरो पडतो. ४७५ मध्ये नीट राहिलं तर महिना निघतो. खरी अडचण ३८० ची. बर्लिनमध्ये चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली (अशा फ्लॅटला इथे वेगे म्हणतात) एक खोली खाजगी बाजारात सहाशेच्या खाली मिळाली तर लोक पार्टी मागतात. सगळं सामान असलेली, 'विद्यार्थ्यांसाठी खास' म्हणून जाहिरात होणारी छोटी अपार्टमेंट्स तर आठशेच्या पुढे जातात. तिथे जिम असतं, सिनेमा बघायची खोली असते, आणि भाडं भरून झाल्यावर बाजारहाटाला फारसं काही उरत नाही.

सरकारने धरलेल्या ३८० युरोंत या शहरात राहायची सोय आजही आहे, पण ती जवळजवळ एकाच ठिकाणी आहे: श्टुडीरेन्डनवेर्कच्या वसतिगृहात.

ही संस्था विद्यापीठाचा विभाग नाही, हे नवीन मुलांना लवकर लक्षात येत नाही. जर्मनीत अशी ५७ श्टुडीरेन्डनवेर्क आहेत आणि प्रत्येकाचा आपापला भाग ठरलेला आहे. बर्लिनचं एकच श्टुडीरेन्डनवेर्क शहरातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांना सेवा देतं. मेन्सा म्हणजे कँटीन, वसतिगृहं, बाफ्योगचं ऑफिस, पाळणाघरं, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन, पैशांच्या आणि कागदपत्रांच्या अडचणींसाठी सल्ला, हे सगळं त्यांच्याकडे. यासाठी लागणाऱ्या पैशातला काही भाग आपणच भरतो. दर सेमिस्टरला विद्यापीठाकडे जी रक्कम जाते, तिच्यात श्टुडीरेन्डनवेर्कची वर्गणी असते. म्हणजे मेन्साची पायरी कधी चढला नाहीत तरी पैसे तुमच्याकडून गेलेलेच आहेत.

त्याच रकमेत प्रवासाचं तिकीटही असतं. डॉइचलांडटिकिट या देशभर चालणाऱ्या मासिक तिकिटाच्या दराच्या ६० टक्क्यांत विद्यार्थ्यांना देशभरच्या लोकल आणि रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस वापरता येतात. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत नेहमीच्या मास्टर्सना ट्यूशन फी नाही, हा मोठाच फायदा. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी सुरू केली. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आता शहर आणि राज्य बघूनच म्हणावं.

आता वसतिगृह. माझी खोली शहराच्या पूर्वेला, लिश्टेनबेर्ग भागात. बाहेरून इमारत अगदी साधी, पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारतींसारखी. आत एक पलंग, टेबल, कपाट, खिडकीखाली हीटर. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. भाडं सव्वातीनशे युरोंच्या आसपास, आणि त्यात हीटिंग, पाणी, वीज, इंटरनेट सगळं आलं. हे "सगळं आलं" फार मोलाचं आहे. खाजगी घराच्या जाहिरातीत दोन भाडी असतात, एक नुसत्या जागेचं आणि एक हीटिंग-पाण्यासकट. विजेचं आणि इंटरनेटचं बिल बहुतेक वेळा त्यावर वेगळं येतं. वर्षाअखेर हीटिंगचा हिशोब होतो आणि थंडी कडक पडली असेल तर वरचे पैसे भरावे लागतात. ज्याचं सगळं बजेट दर महिन्याला ठरलेल्या एका रकमेवर उभं आहे, त्याला मार्चमध्ये अचानक आलेलं दोनशे युरोंचं बिल झोपू देत नाही. वसतिगृहात ही धास्ती नाही. महिन्याचा आकडा ठरलेला असतो आणि तो मला निवांतपणे अभ्यास करू देतो.

खोली मिळण्याआधीचे महिने मी काढले ते एका पोटभाड्याच्या जागेत. घरमालकाने आधीच बजावलं होतं की पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, मिळणार नाही. बर्लिनमध्ये अशा जाहिराती सर्रास असतात, आणि बाहेरून येणाऱ्या मुलांना त्यातला धोका कळत नाही. नियम असा की राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पार्ट टाइम नोकरीच्या पगारातून जास्तीचा कर कापला जातो. इथे राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीलाही नोंदणीचा कागद लागतो. मला त्या काळात भाड्यापेक्षा या कागदाची चिंता जास्त होती. वसतिगृहात करारासोबतच ते पत्र मिळालं आणि सगळी साखळी सुरळीत झाली. भाड्याची तुलना करताना लोक हा मुद्दा धरतच नाहीत. धरायला हवा, कारण नोंदणी न मिळणारी पाचशेची खोली शेवटी साडेसहाशेच्या खोलीपेक्षा महाग पडू शकते.

त्याच काळात एका जाहिरातदाराने मला सुंदर फोटो पाठवले, आपण सध्या परदेशात आहोत असं सांगितलं आणि डिपॉझिट आधी पाठवलं की किल्ली पोस्टाने येईल म्हणाला. मी पैसे पाठवले नाहीत, पण अशा वेळी माणूस किती टेकीला आलेला असतो हे मला माहीत आहे. कुणीही, कितीही घाई दाखवली तरी, खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका. डिपॉझिटला कायद्याने मर्यादा आहे: जागेच्या मूळ भाड्याच्या तिप्पट, त्याहून जास्त मागता येत नाही.

आता या सेवेतली मोठी उणीव. बर्लिनमध्ये दोन लाखांच्या घरात विद्यार्थी आहेत आणि श्टुडीरेन्डनवेर्ककडे जागा साधारण नऊ हजार. शंभरातल्या पाचांनाही पुरणार नाहीत इतक्या. त्यामुळे प्रतीक्षायादी असते आणि ती काही महिन्यांपासून काही सेमिस्टरपर्यंत जाते. याचा दोष मी तिथल्या कर्मचाऱ्यांना देत नाही. नवीन इमारतींना जमीन आणि पैसा लागतो आणि तो राज्याने द्यायचा असतो. पण मनापासून राग येतो तो या विसंगतीचा. सरकार कागदावर ३८० युरो भाडं धरतं, त्याच आकड्यावर आपल्या आईवडिलांना कर्ज काढायला लावतं, आणि त्या भाड्यात राहता येईल अशा जागा मूठभर लोकांनाच पुरतात. ९९२ हा आकडा खोटा नाही. तो फक्त वसतिगृहात खोली मिळालेल्यांसाठी खरा आहे, आणि व्हिसाचा अर्ज भरताना हे कुणी सांगत नाही.

मेन्साबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी मला कमी वाटेल.

हार्डेनबेर्गस्ट्रासेवर, टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या समोरची मेन्सा हे माझं दुपारचं घर. मी शाकाहारी आहे. इथे येताना घरच्यांना सगळ्यात जास्त काळजी माझ्या जेवणाची होती. जर्मनी म्हणजे सॉसेज आणि बटाटे हीच सगळ्यांची समजूत. पण बर्लिनच्या मेन्सांनी २०२१ च्या हिवाळी सेमिस्टरपासून आपला मेनू जवळपास पूर्ण शाकाहारी केला आहे. त्या वेळी जाहीर केलेल्या योजनेत ६८ टक्के पदार्थ व्हीगन आणि २८ टक्के शाकाहारी होते. मांस आणि मासे मिळून उरलेले चार टक्के. हार्डेनबेर्गस्ट्रासेला तर २०१९ पासून पूर्ण व्हीगन मेन्सा आहे. फ्री युनिव्हर्सिटीच्या भागात त्याहून जुनी, २०१० मध्ये सुरू झालेली शाकाहारी मेन्सा आहे. ज्या शाकाहारी मुलांना बाहेर फक्त सॅलड किंवा चिप्स खाऊन दिवस काढावा लागेल अशी भीती वाटते, त्यांनी बर्लिनची निवड डोळे मिटून करावी.

पद्धत अशी. आत जाताना ट्रे घ्यायचा. काउंटरवर दोन-तीन मुख्य पदार्थ, एखादं सूप किंवा घट्ट एन्टोप्फ, बाजूला भात, बटाटे, पास्ता, शिजवलेल्या भाज्या, सॅलड, गोड. प्रत्येक गोष्ट वेगळी घेता येते आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. पदार्थाच्या पाटीवर तीन किमती लिहिलेल्या असतात: विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे. पाहुण्यांचा दर बघितला की आपल्याला किती सवलत मिळते ते समजतं. पाटीवर हिरवा, नारिंगी किंवा लाल रंगही असतो, पदार्थ तब्येतीला किती चांगला ते सांगायला, आणि त्याच्या बनवण्यातल्या कार्बन आणि पाण्याच्या खर्चाची खूणही. पैसे मेन्साकार्डने द्यायचे. कार्डावर विद्यार्थी म्हणून नोंद असेल तरच विद्यार्थ्याचा दर लागतो, त्यामुळे दर सेमिस्टरला ती मुदत वाढवून घ्या.

माझी नेहमीची थाळी म्हणजे मसुराचं एन्टोप्फ, सोबत एक वाटी भाजी आणि भात किंवा बटाटे. मसूर, गाजर, सेलरी एकत्र शिजवलेलं ते दाट कालवण खाल्लं की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. तिखट कमी, मीठ बेताचं. मी बॅगेत मिरपुडीची छोटी डबी ठेवते. चण्याची करी असेल त्या दिवशी लवकर पोचते, कारण ती संपते. बहुतेक दिवस तीन ते चार युरोंत पोट भरतं. बाहेर साधा ड्योनर आता सात युरोंच्या आसपास झाला आहे. महिन्यात वीस दिवस मेन्सात जेवलं तर ऐंशी युरोंच्या आत काम होतं. बाहेर जेवलं तर दुपारच्याच जेवणाला दीडशे लागतात.

पण माझ्या दृष्टीने मेन्साचा फायदा पैशांपलीकडेही आहे. परदेशात पैसे वाचवायचे म्हटलं की मुली सगळ्यात आधी जेवण कमी करतात. मी हे जवळून बघितलं आहे: दुपारी बिस्किटं, रात्री नूडल्स, आणि परीक्षेच्या महिन्यात आजारपण. दुपारी एकदा गरम, डाळ-भाज्यांचं, बसून खाल्लेलं जेवण मिळालं की बाकीची काटकसर अंगावर येत नाही. दुपारचं जेवण कधी टाळू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

वेळेचं भान ठेवा. बारा ते एक गर्दी असते. साडेअकराला किंवा दीडनंतर गेलं की जागा मिळते. शनिवार-रविवार बहुतेक मेन्सा बंद असतात आणि सेमिस्टरच्या सुट्टीत काहींच्या वेळा कमी होतात. त्या दिवसांसाठी मी मंगळवारी किंवा शुक्रवारी नॉयक्योल्नमधल्या मायबाखउफरच्या बाजारात जाते. कालव्याच्या काठाने भरणारा हा बाजार संध्याकाळी उठायला लागला की विक्रेते भाज्यांचे ढीग उतरत्या भावात देतात. वांगी, मिरच्या, कोथिंबीर तिथे भरपूर मिळते. बाकी तांदूळ, ओट्स, दूध आल्डी-लिडलमधून.

माझा महिना सांगते. भाडं सव्वातीनशे, विमा दीडशेच्या आत. उरलेल्या पाचशे-सव्वापाचशेमधून मेन्सा आणि घरचा किराणा मिळून दोनशे, फोन दहा-पंधरा, आणि सेमिस्टरच्या रकमेसाठी महिन्याला पन्नास-साठ बाजूला टाकलेले. रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोंची सक्तीची वर्गणी घरामागे असते, माणसामागे नाही, त्यामुळे एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती वाटून घेता येते. हे सगळं वजा जाता दोनशे-सव्वादोनशे युरो राहतात. कपडे, डॉक्टर, एखादा प्रवास, घरी पाठवायची भेट त्यातून. मीच सहाशेच्या खोलीत राहून रोज बाहेर जेवले असते तर महिनाअखेर दीड-दोनशे कमीच पडले असते.

कमाईबद्दल थोडक्यात. २०२४ पासून आपल्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, किंवा सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि मिनिजॉबची, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिना ६०३ युरो, म्हणजे आठवड्याला साधारण दहा तास. विद्यापीठात विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं तर ते आधी घ्या. बर्लिनमध्ये त्यासाठी वेगळा सामूहिक वेतनकरार आहे, आणि प्रयोगशाळा ते मेन्सा हे अंतर चालत होतं.

सल्ला केंद्राचा उल्लेख राहायला नको. माझी एक मैत्रीण बरीच वर्षं नोकरी करून मास्टर्सला आली होती. तिशी पूर्ण झाली की सरकारी विम्याचा विद्यार्थी दर बंद होतो, हे तिला वर्गातल्या कुणाकडून तरी ऐन हिवाळ्यात कळलं. हप्ता बराच वाढणार होता. ती श्टुडीरेन्डनवेर्कच्या सामाजिक सल्ला विभागात गेली. तिथल्या बाईंनी तिच्याशी इंग्रजीत बोलून सगळे कागद बघितले, कुठल्या तारखेपासून काय लागू होईल ते वहीत लिहून दिलं, आणि नोकरीचे तास कसे ठरवले तर विम्यावर काय परिणाम होतो ते समजावलं. एक पैसा घेतला नाही. मानसिक आरोग्याचं समुपदेशनही मोफत आहे आणि तिथे सांगितलेलं बाहेर जात नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा बऱ्याच जणांना त्याची गरज लागते. जायला संकोच करू नका.

गुण द्यायचेच तर मेन्साला पाचपैकी पाच, सल्ला सेवेला पाच, वसतिगृहाच्या खोलीला साडेचार, आणि खोल्यांच्या संख्येला दोन. शेवटच्या दोनाचे धनी राज्य सरकार.

येणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट कराव्यात. एक, पहिल्या महिन्यासाठी ९९२ वर विसंबू नका. डिपॉझिट, पहिलं भाडं, सेमिस्टरची रक्कम, अंथरूण-पांघरूण, भांडी, गरम कोट हे सगळं एकाच महिन्यात येतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुटायला इथलं बँक खातं उघडावं लागतं. माझ्या मते दोन-अडीच हजार युरो वेगळे हाताशी असावेत. दोन, प्रवेशपत्र आलं की वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज त्याच आठवड्यात भरा, व्हिसाची वाट बघत बसू नका. मध्यवर्ती जागांवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून लिश्टेनबेर्ग, लांकविट्झ अशा लांबच्या वसतिगृहांनाही होकार द्या. तिकीट हातात असताना पाऊण तासाचा प्रवास काही जड नाही. मग ईमेल रोज बघा, स्पॅम फोल्डरसुद्धा. खोलीचा प्रस्ताव आला की उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात, आणि तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाते.